बाई, जाड नको, मारामारीवालं द्या

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती, सातवीनंतर मुलगे लायब्ररीत दिसेनासे होतात म्हणून. त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की ह्या वेळचा अख्खा कॉलम मुलग्यांनाच देऊन टाकते. मुलींनी रागावू नका, तुम्ही तशाही वाचताय. वरचं शीर्षक माझं नाही, सव्वीस वर्षं शाळेची लायब्ररी सांभाळली त्यात काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य आहे ते.

मुलगा नववीत आहे. चौथी-पाचवीपर्यंत पुस्तकाशिवाय जेवायला बसायचा नाही, आता हातात चोवीस तास मोबाईल. वाढदिवसाला श्यामची आई आणलं, थोरांची चरित्रं आणली, एक होता कार्व्हर आणलं, सगळी तशीच्या तशी नवीकोरी पडून आहेत. आमचं काय चुकतंय? – एक आई, नाशिक

ताई, ह्यातलं एक तरी पुस्तक त्याने मागितलं होतं का हो? रागावू नका, पण तुमची यादी वाचून मला तुमच्या मनात काय आहे ते बरोब्बर कळलं, त्याच्या मनातलं काहीच कळलं नाही. चौदा वर्षांच्या पोराला वास येतो. पुस्तक उघडायच्या आधीच त्याला समजतं की ह्याच्यात मला सुधारायचं काहीतरी भरून ठेवलंय. श्यामची आई मी स्वतः दर दोन-तीन वर्षांनी वाचते आणि दर वेळी रडते, साने गुरुजींनी ते तुमच्याच नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलं, हे त्याला कधीतरी जाता जाता सांगा. पण ते पुस्तक आईकडे मागे वळून बघणाऱ्या मोठ्या माणसाचं आहे आणि तुमचा मुलगा सध्या आईपासून लांब पळायच्या वयात आहे, मग कसं जमायचं?

पुस्तक किती वाचलं गेलं ते रजिस्टरवरून कळतं असं लोकांना वाटतं. खरं कळतं ते बाइंडिंगवरून. आमच्याकडे फास्टर फेणेची पुस्तकं दर जूनमध्ये बाइंडिंगला जायची, पाठीवर कापडी पट्टी चिकटवून यायची, तरी दिवाळीपर्यंत मधली पानं लोंबायला लागायची, एकाचं तर शेवटचं प्रकरणच गायब झालं होतं आणि पोरं ते एकमेकांना तोंडी सांगायची. शेजारच्या कपाटात चरित्रांचा अख्खा संच होता, तो मी रिटायर झाले तेव्हाही करकरीत होता. फास्टर फेणे लिहिणाऱ्या भा. रा. भागवतांनी असं काय केलं होतं? बनेश फेणे हा फुरसुंगीचा काडी पैलवान, पुण्यात विद्याभवनला शिकणारा, जिभेने ट्टॉक् करणारा, सायकलवर सुसाट सुटणारा. संकट आलं की मोठ्यांना विचारून येतो म्हणायला त्याला वेळच नसतो, जे करायचं ते त्यालाच आणि आत्ताच्या आत्ता. बोध असेलही त्यात, पण कुठे लपवलाय ते सापडत नाही.

आता तुमची खरी अडचण. तुमच्या मुलासाठी फास्टर फेणे आता 'लहान मुलांचं' झालं असणार. किशोर मासिकाचंही तेच, बालभारती १९७१ पासून काढतेय, दिवाळी अंक अजूनही मी विकत घेते, पण आठवी संपली की पोरं त्याला हात लावत नाहीत. आणि पुढच्या कपाटावर लिहिलेलं असतं 'कादंबरी'. मधे काही नाही. बालविभाग आणि कादंबरी ह्यांच्या मधे जी जागा आहे तिथे इंग्रजीत अख्खी दुकानं भरलीत, आपल्याकडे तिथे एक खुर्ची ठेवलेली असते, बहुतेक वेळा मोडकी.

पण गंमत अशी की ही दरी आजची नाही आणि आधीच्या पोरांनी ती बिनधास्त उडी मारून पार केली. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा कोण वाचत होतं? त्यांतले हिरो झुंजार आणि काळा पहाड कुठल्या शिक्षकांनी सुचवले होते? मग गुरुनाथ नाईक आले, मग सुहास शिरवळकर आले, फिरोज इराणी आणि दारा बुलंद आणि कॉलेजच्या उंबरठ्यावरच्यांसाठी दुनियादारी. चौकातल्या भाड्याच्या लायब्ररीतून दिवसाच्या भाड्याने आणायचं, शर्टाच्या आत खोचून घरात घ्यायचं, भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचं. माझ्या मोठ्या भावाने काळा पहाड असाच वाचला, अण्णांनी पकडलं आणि त्याच पुस्तकाने पाठीत हाणलं, आणि गंमत म्हणजे पुस्तक जप्त झालं ते रात्री अण्णा वाचत बसले. आज भाऊ सत्तरीला आलाय, अजून रोज वाचतो. कुणी भेट दिलेलं पुस्तक नव्हतं ते.

म्हणून माझं ऐका, भेट देणं बंद करा. त्याला तीनशे रुपये द्या, पुस्तकांच्या दुकानात सोडा आणि तुम्ही बाहेर उसाचा रस पीत बसा. आत जायचं नाही. बाहेर आल्यावर काय घेतलंस विचारायचं नाही, आठवड्याने वाचलंस का विचारायचं नाही, आणि त्यातून काय शिकलास हे तर मेलं तरी विचारायचं नाही. काहीही न घेता तीनशे रुपयांचा वडापाव खाऊन आला तरी पुढच्या महिन्यात परत न्यायचं. अगदीच राहवत नसेल तर सत्यजित राय यांच्या फेलूदाचं एखादं पुस्तक, अशोक जैनांनी मराठीत छान आणलंय, बाथरूमच्या बाहेरच्या स्टुलावर विसरल्यासारखं ठेवा. त्यात गोष्ट सांगणारा तोपशे साधारण तुमच्या मुलाच्याच वयाचा आहे, डिटेक्टिव्ह दादाच्या मागे मागे फिरणारा, आणि त्याला कुणीही उपदेश करत नाही.

बाई, मी दहावीत आहे. मी वन पीस वाचतो, मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, इंग्लिशमधून. बाबा म्हणतात चित्रं बघणं म्हणजे वाचन नाही. आमची पैज लागलीये, तुम्ही निकाल द्या. – तुमचा वाचक (?), इचलकरंजी

ते कंसातलं प्रश्नचिन्ह आधी खोड. पैज तू जिंकलास.

बाबांचं वय लिहिलं नाहीस पण चाळिशी ओलांडली असेल तर त्यांना फक्त विचार, 'बाबा, वेताळ म्हणजे कोण हो?' आणि चेहरा बघ. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये ह्या वेताळानेच (इंग्रजीतला फँटम) सुरू झालं, मराठीतही यायचं, कवटीची अंगठी घातलेला ठोसा बसला की गुंडाच्या जबड्यावर कायमची खूण. पोरं त्या अंकांची अदलाबदल करायची, दोन जुने देऊन एक नवा. तीसुद्धा चित्रंच होती की! ते नाही म्हणाले तर आत्याला किंवा काकांना साक्षीला बोलव.

आणि हे पण सांग त्यांना. शोनेन म्हणजे जपानीत मुलगा, ज्या साप्ताहिकात तुझं वन पीस येतं ते शोनेन जम्प १९६८ पासून खास तुझ्या वयाच्या मुलग्यांसाठी चाललंय आणि त्यांचं सूत्र आहे मैत्री, मेहनत, विजय. म्हणजे जपानमध्ये कुणीतरी बसून नीट विचार केला की ह्या वयाच्या पोराला काय हवं असतं. आपल्याकडे असा विचार भागवतांसारख्या एखाद्या माणसाने एकट्याने केला, म्हणून भागवत थांबले की मालिका थांबली. वन पीस १९९७ मध्ये सुरू झालं, शंभराच्या वर खंड झाले, कोण कुठल्या बेटावर कोणाशी का भांडला होता हे तुला सगळं पाठ असणार. असला पोरगा वाचत नाही म्हणणं म्हणजे कमाल आहे. बाबांच्या हातात एक खंड दे आणि कुठून सुरू करायचं ते शोधायला सांग. उजवीकडून डावीकडे जायचं हे कळेपर्यंत त्यांचा चहा गार होईल.

एक मात्र माझ्याकडून. मराठी वाचायचा वेग एकदा गेला ना की परत आणायला फार जड जातं, डोळा प्रत्येक जोडाक्षराला अडखळतो आणि मग माणूस म्हणतो मराठी पुस्तकं बोअर असतात, बोअर नसतात, स्पीड गेलेला असतो. तेव्हा एक पातळ मराठी पुस्तक उशाशी असू दे. व्यंकटेश माडगूळकरांचं बनगरवाडी बघ, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक अगदी कोवळा मास्तर एकटाच जातो तिथून सुरू होतं, दोन बैठकीत संपेल. दहावीच्या अभ्यासाचं मी काही बोलत नाही, बाकीचे सगळे बोलत असतीलच.

नातू आठवीत. रात्री नारायण धारपांच्या भयकथा वाचतो आणि मग पॅसेजमधला दिवा चालू ठेवून झोपतो. मनावर परिणाम होईल का? पुस्तकं बंद करावीत का? – एक आजोबा, डोंबिवली

आजोबा, दिवा चालू राहू द्या, विजेचं बिल फार येणार नाही.

पुस्तकातली भीती तो स्वतःच्या मर्जीने घेतोय, नको झाली की मिटून ठेवतो, ह्या वयात बाकीच्या ज्या भीत्या असतात (मार्क, मित्र, आवाज फुटतोय, मिसरूड फुटत नाहीये) त्या अशा मिटता येत नाहीत. खरंच झोप उडत असेल, दचकून उठत असेल, तर काही दिवस थांबवा, नाहीतर नाही. धारप संपले की रत्नाकर मतकरींच्या गूढकथा हाताशी ठेवा. आणि धारपांनी विज्ञानकथाही लिहिल्यात, तिथून नारळीकरांकडे वाट जाते. त्यांचा एक किस्सा नातवाला सांगा, माझ्या अनुभवात ह्याने पोरं हमखास फसतात. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये विज्ञानकथेची स्पर्धा ठेवली, नारळीकरांना वाटलं की आपल्या नावाला बघून बक्षीस नको, म्हणून आपली आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' असं नाव घेतलं, अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा बायकोच्या हस्ताक्षरात लिहून घेतली आणि पाठवली, कृष्णविवर नावाची. पहिला नंबर! एवढा मोठा शास्त्रज्ञ आपल्यासारखीच शेंडी लावतो म्हटल्यावर पुढचं पुस्तक ते स्वतः मागायला येतात.

आणि एखाद्या रात्री त्यालाच म्हणा, मला एक गोष्ट वाचून दाखव, दिवा बंद करून, टॉर्चवर. बघू कोण आधी उठून दिवा लावतं.

आमच्या हायस्कूलची मुलं अभ्यासिकेत तास न् तास बसतात पण फक्त पोलीस भरती आणि सैन्य भरतीची पुस्तकं. गोष्टीचं पुस्तक दिलं की म्हणतात, सर, ह्याचा परीक्षेला उपयोग काय. ह्यांना काय द्यावं? – एक शिक्षक, सोलापूर जिल्हा

सर, आधी एक बघा, त्याच अभ्यासिकेत विश्वास नांगरे पाटलांच्या 'मन में है विश्वास'ची प्रत फिरत असेल, आणि गाइडपेक्षा ती जास्त मळलेली असेल. ती काही परीक्षेसाठी नाही वाचत पोरं. कोकरूडसारख्या गावातला एक पोरगा, आपल्यासारखाच, आणि तो बाहेर पडतो, हे त्यांना परत परत वाचायचं असतं. म्हणजे गोष्टच वाचतायत की, फक्त गोष्ट म्हटलेलं त्यांना चालत नाही.

मग त्याच रस्त्याने पुढे न्या. आनंद यादवांचं झोंबी द्या, कागलचा पोरगा, बाप म्हणतो शाळा पुरे, मळ्यात ये, आणि हा शाळेसाठी अक्षरशः झोंबतो. जाड आहे, पहिल्यांदा बघून कुरकुरतील. ज्याला जाड नको, मारामारी हवी, त्याला अण्णा भाऊ साठ्यांचा फकिरा. हे सांगताना 'साहित्य' हा शब्द वापरू नका, 'लई भारी आहे' एवढंच म्हणा आणि दुसऱ्या विषयावर जा.

पण माझा हुकमी एक्का वेगळाच आहे, पाडस. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं. मूळ अमेरिकन कादंबरी १९३८ ची, मार्जोरी रॉलिंग्ज बाईंची, फ्लोरिडाच्या जंगलात राहणारं गरीब शेतकरी कुटुंब आणि त्यांचा ज्योडी नावाचा पोरगा. तेव्हा ह्या वयासाठीचं वेगळं साहित्य असं काही कपाट तिकडेही नव्हतं, त्या पुस्तकाला मोठ्यांच्या कादंबरीचं पुलित्झर मिळालं. मी काय करायचे सांगते. ऑफ तासाला वर्गावर जायचे आणि प्रस्तावना वगैरे काही न करता मधलंच पान उघडायचे. बापाला रानात साप चावतो, विषारी, घर लांब. बाप काय करतो, समोर दिसलेली हरिणी गोळी घालून मारतो, तिला फाडून काळीज काढतो आणि विष ओढून घ्यायला जखमेवर दाबून धरतो. आणि मग दिसतं की त्या हरिणीचं ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू तिथेच लटलट कापत उभं आहे. एवढं वाचायचं, घंटा होवो न होवो, पुस्तक टेबलावर ठेवायचं आणि निघून यायचं. 'विसरून' यायचं, कळलं ना? शिपाईकाका ते परत आणायला गेले की कधीच सापडायचं नाही, दोन-तीन आठवड्यांनी कुठल्यातरी बेंचमध्ये सापडायचं.

दहावी ब मध्ये एक कबड्डीवाला होता, आडदांड, लायब्ररीत फक्त पंख्याखाली बसायला यायचा. त्याने पाडस परत केलं तेव्हा काउंटरवर उगाच रबरी शिक्का उचलून बघत उभा राहिला, मग म्हणाला, बाई, शेवट असाच आहे का सगळ्या कॉप्यांमध्ये? मी म्हटलं हो रे. बरं म्हणाला आणि गेला. पुढच्या आठवड्यात त्याने दुसरं पुस्तक मागितलं आणि म्हणाला, ह्याच्यात जनावर नको.

मुलगा सातवीत आहे, ताईची पुस्तकं वाचतो, नायिका मुली असलेली. मित्रांनी बघितलं आणि चिडवलं, आता लपवून वाचतो. त्याला मुलांची पुस्तकं आणून देऊ का? – एक बाबा, मडगाव

नको हो दादा. वर्तमानपत्राचं कव्हर घालून द्या, आमच्या वेळी सगळ्यांनाच असायचं.

ही मुलांची आणि मुलींची पुस्तकं ही भानगड पोरांपेक्षा मोठ्यांनीच जास्त केली आहे. अमेरिकेत आउटसायडर्स म्हणून कादंबरी आहे, टोळ्यांनी फिरणाऱ्या पोरांची, मारामारी, सुरे, चौदा वर्षांचा हिरो, त्या सगळ्या कुमारसाहित्याचं हे थोरलं भावंड मानतात. ती लिहिली एका मुलीने, सुझन हिंटन, ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातली, पंधराव्या वर्षी लिहायला घेतली आणि १९६७ मध्ये आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. प्रकाशकाला वाटलं पोरांच्या मारामारीचं पुस्तक मुलीने लिहिलंय म्हटल्यावर पुरुष समीक्षक नाकं मुरडतील, म्हणून कव्हरवर नुसतं एस. ई. हिंटन. तीस वर्षांनी हॅरी पॉटरच्या बाईंना पण तेच सांगितलं, मुलगे बाईचं नाव बघून घेणार नाहीत, आद्याक्षरं टाका. दोन्ही वेळा पोरांनी वाचलं आणि नंतर कळलं बाई आहे तेव्हा कुणीही पुस्तक परत केलं नाही. चिडवणाऱ्या मित्रांपैकी कुणाकडे हॅरी पॉटर असेलच, तेवढी माहिती मुलाच्या खिशात टाकून ठेवा.

गादी उलटताना मुलाच्या पलंगात 'शाळा' सापडलं, मिलिंद बोकीलांचं. चार पानं वाचली, त्यात नववीतली मुलं मुलींवर लाइन मारतात वगैरे आहे. माझा मुलगा नववीतच आहे. काढून घेऊ? त्याच्याशी बसून बोलू? की ह्यांना सांगू? – काळजीत असलेली आई, पुणे

तिन्ही नको. आधी ते जिथे होतं तिथेच ठेवा, त्याच बाजूने, पान दुमडलेलं असेल तर दुमडलेलंच.

शाळा २००४ साली आलं, मोठ्यांसाठी म्हणूनच आलं, पण ते पळवलं नववी-दहावीच्या पोरांनी. आणीबाणीच्या दिवसांतलं शहराबाहेरचं छोटं गाव, मुकुंद जोशी आणि त्याचे तीन मित्र, अर्धवट बांधून पडलेल्या बिल्डिंगमध्ये जाऊन बसतात, आणि वर्गातली शिरोडकर. तुम्ही चारच पानं वाचलीत म्हणून लाइन दिसली. पुढे वाचलंत तर दिसेल की तो मुकुंद किती घाबरट आणि किती नीट पोरगा आहे, ती नुसती बोलली तरी दिवसभर पुरतं त्याला. आपल्या पोरांना हे असं काही होत असतं आणि ते कुणाला सांगता येत नसतं, आईला तर नाहीच. त्या पुस्तकाने फक्त एवढंच केलं की असं होणारा तू एकटा नाहीस हे मराठीत, त्यांच्याच बोलीत, वर्गातल्या शिव्यांसकट लिहून ठेवलं.

आमच्या शाळेत असंच झालं होतं. वरून कुणीतरी पाहणीला आलं, प्रत हातात घेतली, दोन पानं चाळली आणि मला सांगितलं की हे कपाटात कुलूप लावून ठेवा. ठेवलं. हुकूम म्हणजे हुकूम. किल्ली टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवरला काही कुलूप नव्हतं. पुढची चार वर्षं रजिस्टरमध्ये त्या पुस्तकाची एकही एंट्री नाही, पण प्रत दर वर्षी फुगत गेली, कोपरे गोल झाले, आणि एकदा उघडून बघितलं तर मधे चिंचेचा चपटा झालेला चिंचोका, बसचं तिकीट आणि कुणाच्या तरी अक्षरात समासात बारीक पेन्सिलीने 'सेम' एवढंच लिहिलेलं. मी ते खोडलं नाही.

तुम्हाला वाचावंसं वाटत असेल तर आपली वेगळी प्रत आणा, त्याची घेऊ नका. आणि गादी पुन्हा उन्हात टाकायची असेल तर दोन दिवस आधी घरात मोठ्याने सांगून ठेवा.